खाजेची ट्यूब

वेदूचे बाबा,

ओट्यावर वरण-भात झाकला हाये, जेवून घेजा. वेदू आत्ताच झोपली, मीही जरा पडते. आवाज देऊ नका.

तिले आज हिंगणघाटच्या कातडीच्या डॉक्टरले दाखवून आणलं. आपल्या औषधाच्या दुकानातली ती खाजेची ट्यूब आता लावू नका. तिच्यात स्टेरॉइड हाये म्हणे. त्यानं खाज लगेच थांबते, पण गजकर्ण आतल्या आत पसरत राह्यते. ट्यूब सोडली की आधी आग वाढंल. पोरगी रडली तरी मन घट्ट करजा. टॉवेल तिचा वेगळा ठेवला.

डॉक्टरनं विचारलं, "ही ट्यूब दिली कोणी?" मी ट्यूब पिशवीत टाकली. वेदूच बोलली, मोठ्या फुशारकीनं, "माह्या बाबांनी. ते तर अर्ध्या वडनेरले देतात."

रक्षा