क्वेकर्स हिलची ओपन प्रायमरी

३ मे, रविवार
आणि परत माइक त्या सारंगलाच. चार वर्षं हेच चाललंय. इथे ऑस्ट्रेलियात आमच्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिनाचा हॉल मी लावला, दीडशे खुर्च्या मी मांडल्या, स्पीकरची वायर माझ्या गाडीतली. आणि "नमस्कार मंडळी" म्हणायला सारंग. कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी कॅसल हिलहून आला, इस्त्रीच्या कुर्त्यात. आभार मानताना म्हणाला, "आणि आपला नंदू." आपला म्हणे. मंडळातली मयूरा त्याच्या प्रत्येक जोकला हसत होती. जोक तीन होते. दोन व्हॉट्सॲपवरचे.
मयूराच्या फोनमध्ये मी "नंदू डेंट" या नावाने सेव्ह आहे. आज दिसलं.
निश्चय: सारंगचा विचार बंद.

५ मे, मंगळवार. चहाची सुट्टी
सारंगने नवीन गाडी घेतली. पांढरी. पांढऱ्यावर ओरखडा लगेच दिसतो, पण त्याला कोण सांगणार. आयटीवाला.
डेंटिंग-पेंटिंगच्या कामात हात बिझी, कान मोकळे. पुट्टी घासताना मी अमेरिकेच्या निवडणुकीचं चॅनेल लावतो. तिकडे मतदानाला अजून किती वेळ आहे, पण पक्षाचा उमेदवार कोण यावरच मारामारी. आज नवीन शब्द मिळाला. इलेक्टेबिलिटी. म्हणजे लोकांना आवडतो तो वेगळा आणि जिंकू शकतो तो वेगळा. आपल्या मनातला बाजूला ठेवून जिंकणाऱ्याला पुढे करायचं.
दोन तास घासून झाल्यावर कळलं, हा शब्द माझ्यासाठी आहे.

१० मे, रविवार
मंडळाची निवडणूक २८ जूनला. दत्तात्रय काका नऊ वर्षं अध्यक्ष. त्यांना पाडायला आम्ही तरुणांनी "बदल पॅनेल" काढलंय. आज मयूराच्या घरी मीटिंग. उमेदवार ठरवायचा होता. सगळे हात वर करून सारंग म्हणणार, एवढ्यात मी उभा राहिलो. म्हणालो, मीही इच्छुक आहे. मग मयूराने समोसे आणले.
मी समजावलं की हात वर करणं म्हणजे लोकशाही नाही. अमेरिकेत प्रायमरी घेतात. आधी आपल्यात मतदान, जो जिंकेल तो काकांसमोर. आणि प्रायमरी ओपन ठेवू. मंडळाचा कोणीही मेंबर येऊन मत देईल. काकांची माणसंसुद्धा.
सारंग म्हणाला, काकांची माणसं कशाला? मी म्हणालो, समोरच्याची मतं जो खेचतो तोच इलेक्टेबल. त्याला आयोवासुद्धा माहीत नव्हतं, जिथून अमेरिकेची ही निवड सुरू होते. मी सांगितलं. स्पेलिंग कोणी विचारलं नाही, बरं झालं.
अर्ध्या मंडळाच्या गाड्या मी ठोकून सरळ केल्यात. तेही मेट्सच्या रेटने, दोस्तीखात्यात स्वस्तात. ती सगळी मतं माझी.

२० मे, बुधवार
निश्चय: रोज इंग्लिशचे दहा शब्द. अध्यक्ष झाल्यावर काउन्सिलच्या माणसांशी बोलावं लागेल.
आजचे शब्द: डेलिगेट. कॉकस. बाकीचे उद्या.

२३ मे, शनिवार
सारंग लोकांना फोन करतोय. पोस्टर केलंय, त्यात दात दिसतात. इतके सरळ दात बघून मला संशय येतो.
इंग्लिश सोमवारपासून.

१४ जून, रविवार. संध्याकाळ
जिंकलो.
प्रायमरीला पार्कमध्ये मिसळ ठेवली होती, थंडी होती, तरी ऐंशी माणसं आली. काकांची माणसं तर गाड्या भरभरून. विश्रामभाऊ, काकांचा उजवा हात, स्वतः म्हाताऱ्यांना हाताला धरून मतांच्या डब्यापर्यंत नेत होते. काका पण आले. मत टाकलं, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाले तरुण रक्त पाहिजे.
मी एकसष्ट. सारंग एकोणीस.
सारंगचा चेहरा बघण्यासारखा होता. मी सात-आठ वेळा बघितला.
घरी वारज्याला फोन केला. राघवदादाला सांगितलं की अध्यक्षपदाच्या उमेदवारीची निवडणूक जिंकलो. दादाने मला कधी शाब्बास म्हटलं नाही, दहावीला दोनदा बसलो तेव्हापासून तर नाहीच. आज म्हणाला, शाब्बास.

१७ जून, बुधवार
विश्रामभाऊ बंपर घेऊन वर्कशॉपला आले. म्हणाले, "नंदू, आमच्याकडे सगळ्यांचं एकच मत, समोर तूच पाहिजेस." मी पैसे घेतले नाहीत.
अर्व्होला, म्हणजे दुपारी, सारंग आला. गाडीला काही झालं नव्हतं, नुसताच आला. तासभर उभा. मग म्हणाला, "नंद्या, राग मानू नकोस. ते तुला निवडतायत कारण तुला पाडणं सोपं आहे. अजून वेळ आहे, आपण दोघं मिळून घरोघरी जाऊ."
जळतोय. माणूस शिकलेला असला तरी जळतो. मी नो वरीज म्हणून त्याला चहा पाजला. मला कोणाची मदत नको, हे बोललो नाही, पण चहात साखर घातली नाही.

२० जून, शनिवार
दादाने फोटो पाठवला. चौकात फ्लेक्स लागलाय, वीस बाय दहा. "ऑस्ट्रेलियाच्या अध्यक्षपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." मी म्हणालो, दादा, उमेदवारी. दादा म्हणाला, फ्लेक्सवाला म्हणतो ओळ लांब होते. मंडळाचं नाव पण त्याच कारणाने गळलं.
फोटो महाराष्ट्र दिनाचा, कापून घेतलेला. माझ्या खांद्यावर सारंगचा हात तसाच राहिलाय. मनगटावर घड्याळ दिसतं. आईने विचारलं, एवढं भारी घड्याळ कधी घेतलंस.

२५ जून, गुरुवार
घरोघरी जायचं ठरवलं होतं. पाऊस. शिवाय माझे लोक पक्के आहेत, एकसष्ट तर कुठे गेलेच नाहीत. भाषण मात्र तयार. आरशासमोर म्हटलं. "नमस्कार मंडळी" सारंगपेक्षा चांगलं येतं.
ऐकलं की सारंग रोज कामावरून सुटल्यावर लोकांकडे जातो. स्वतःची लाईन लावत असणार, पुढच्या वर्षासाठी. मयूरा पण बरोबर असते.

२८ जून, रविवार
काका एकशे अठरा. मी तेवीस.
कारणं: थंडी. पार्किंग. मतपत्रिकेवर माझं नाव खाली. काकांनी जिलेबी ठेवली होती.
काका माइकवर म्हणाले, "नंदूसारखा विरोधक आम्हाला दरवर्षी मिळो." सगळा हॉल हसला. विश्रामभाऊ सगळ्यात जास्त. मीही हसलो. मग हसणं बंद झालं आणि माझंच चालू होतं.
खुर्च्या मीच उचलल्या. सारंग थांबला होता. कुर्त्याच्या बाह्या वर करून माझ्याबरोबर रचत होता, चुकीच्या रचत होता. मी सुनावलं, तू आणि तुझ्या लोकांनी मला पाडलं. तो पुढची खुर्ची रचत राहिला. मयूरा बोलली. "नंदू, आम्ही रोज तुझ्यासाठीच फिरत होतो. सारंगच्या एकोणीसच्या एकोणीस जणांनी तुलाच मत दिलंय. मी स्वतः सगळ्यांना फोन केलेत."
तेवीसातून एकोणीस गेले. चार. त्यातला एक मी.
उरलेले तीन कोण, विचारायची हिंमत झाली नाही.

२९ जून, सोमवार. दुपार
सारंगची गाडी आली. काल हॉलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी दार घासलंय. पांढऱ्यावर लगेच दिसतं. सकाळपासून तेच करतोय. रंग इतका बेमालूम जुळलाय की रागच आला.
दादाचा फोन. निकाल काय लागला? मी म्हणालो, मोजणी चालू आहे. अमेरिकेत पण कितीतरी दिवस लागतात. दादा म्हणाला, असू दे, निवड तर तुझीच आहे. पेढे सांगून ठेवलेत, वीस किलो. उद्या चौकात वाटायचेत, नगरसेवक येतोय, आईने नवी साडी काढलीय. फ्लेक्सवाला पण बिल घेऊन दारात बसलाय.
आई मागून विचारत होती, आता तरी सगळे तुला साहेब म्हणतात ना.
म्हणतात, म्हणालो.
पाठवले: तीनशे ऐंशी डॉलर.