मूळ फाइल माझी

सोमवार, ११ मार्च

पुन्हा पातळी हलवली! कॉलमवाल्या इंजिनिअरच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये नव्या इमारतीचा तिसरा मजला साठ मिलिमीटर वर! नियम साधा आहे. कॉलम कुठे येणार त्या ग्रिडच्या रेषा आणि मजल्यांच्या पातळ्या माझ्या मूळ फाइलमधून येतात. आर्किटेक्ट, कॉलमवाला, पाइपवाले — सगळ्यांनी ती आपापल्या मॉडेलला जोडायची आणि हात लावायचा नाही. या पठ्ठ्याने मागच्या बुधवारीही हेच केलं होतं. तावातावाने त्याच्या टेबलाशी गेले. काहीतरी सांगणार होता, मी हातानेच थांबवलं. "आधी पातळी खाली घ्या, मग बोला."

मंगळवार, १२ मार्च

साहेब म्हणतात, "साठ मिलिमीटरसाठी एवढा तमाशा?" हो, एवढा! जुन्या हॉस्पिटलमधून नव्या इमारतीत जाणारा पूल याच मजल्यावर आहे. दोन्हीकडची जमीन एका पातळीत नसेल तर स्ट्रेचर अडेल. शुक्रवारी पुलाचा स्लॅब टाकायचाय. एकदा काँक्रीट पडलं की हलवा म्हणावं!

त्यात ताईचा फोन. ती जुन्या हॉस्पिटलात त्याच मजल्यावर नर्स. तिचं आपलं वेगळंच — वॉर्डात नवी फरशी बसवलीय, घसरते म्हणे. म्हटलं, बाई, मला माझी भांडणं कमी आहेत का?

बुधवार, १३ मार्च

साहेबांना तोंडावर सांगितलं. मूळ फाइल हलणार नाही, हवं तर मला हलवा.

गुरुवार, १४ मार्च

साहेबांनी शेवटी कॉलमवाल्याला पातळी खाली घ्यायला लावली. सगळी मॉडेल एकत्र उघडली — कॉम्प्युटरची एकही तक्रार नाही! निम्मं ऑफिस माझ्याशी बोलत नाहीये. नसू दे. जिंकले ना!

मग चहा पिताना ताईची फरशी आठवली. नवी बसवली, पण जुनी काढली का? फोन लावला. "छे गं, त्याच्यावरच बसवली. दारं खालून कापावी लागली." माझ्या पातळ्या ज्या सर्व्हेवरून घेतल्या, तो गेल्या वर्षीचा, नव्या फरशीच्या आधीचा! टेप घेऊन तडक हॉस्पिटल गाठलं. लिफ्टच्या दाराशी जुनी फरशी अजून उघडी होती. तिथून नवीपर्यंत मोजलं. साठ. ताईला धरायला लावून पुन्हा मोजलं. साठच.

शुक्रवार, १५ मार्च

सकाळी सातलाच साइटवर जाऊन स्लॅब थांबवला. कॉलमवाला म्हणाला, "मी मोजून आलो होतो. दोनदा सांगायला बघितलं. तुम्ही ऐकून घेता कुठे?" साहेब म्हणाले, "बदलाच्या नोंदीत सर्व्हे सुधारला एवढंच लिहा." तसं नाही लिहिलं. लिहिलं ते असं: मूळ फाइल साठने वर, बदल करणारी मी, कारण — त्याने मोजलं होतं, मी ऐकलं नाही. सगळ्यांना पाठवलं. आता ही पातळी कुणी हलवून दाखवा! पण आधी येऊन सांगा.