किल्ल्यांचा आवाज

जेलरसाहेब,

हे पत्र पाठवणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवेना.

"बायकांच्या तोंडावर घोंगडी टाकलेली होती, मग मारणारा मीच कशावरून?" तुम्ही चौकशीत ऐटीत विचारलंत. तक्रार करणाऱ्या सात कैदी बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा मी उठले. तुम्ही मारताना वर्षभर दाराकडे पाठ करून उभी राहिलेली मीच! म्हटलं, पडद्याआडून पाच जणांना किल्ल्या घेऊन एकेक करून चालवा, मारणाऱ्याचा आवाज ओळखला की बायका हात वर करतील.

तिसऱ्या खेपेला सातही जणींचे हात वर झाले. तिसरे तुम्ही होतात. तुमच्या तोंडचं पाणीच पळालं! किल्ल्या वाजवत चालावं, दरारा राहतो, हे पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलं होतंत.

तुम्ही निलंबित झालात. आज दुपारी मी किल्ल्या वाजवत बराकीत शिरले. कुणीही दचकलं नाही. उलट एक जण खेकसली, "बाई, हळू वाजवा की, झोपमोड होते!"

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
महिला शिपाई