दैवशालाचे नाव खात्यावर राहू देण्याबाबत

प्रति,
मा. शाखाधिकारी,
दुधनाकाठ सहकारी बँक,
शाखा परतूर, जि. जालना.

विषय : फसव्या ईमेलनंतर गोठवलेल्या संयुक्त खात्यावरील माझ्या मुलीचे नाव कायम ठेवण्याबाबत.

संदर्भ : खाते बंद करण्याविषयी आपण शाखेत दिलेली तोंडी सूचना.

महोदय,

वरील विषयी विनंती की, हे खाते माझे व माझी मुलगी दैवशाला हिचे आहे. ती डी.एड.ला लागली तेव्हा उघडले. आपली शाखा तेव्हा सरकीच्या दुकानावरच्या माडीत होती. कारकून अप्पाराव नाव लिहिता लिहिता म्हणाले, "बाई, लेक परक्या घरची. खात्यात कशाला?" दैवशालाच म्हणाली, "काका, तुम्ही लिवा बराबर. घर बदलंल, नाव न्हाई बदलत."

तसे झाले नाही. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात 'मनीषा' लिहिले. पुढे आधार, रेशनकार्ड सगळे मनीषाचे झाले. गेल्या वर्षी ती काविळीने गेली, तो दाखलाही मनीषाचाच. मी ठेवलेले नाव आता फक्त आपल्या बँकेत उरले आहे.

तो ईमेल खोटा आहे हे मला कळले नाही, असे मी म्हणणार नाही. फोनवर ईमेल सुरू करून देताना दैवशालानेच शिकवले होते, "माय, बँक कधी जल्दी करीत न्हाई अन् पासवर्ड मागीत न्हाई. जो जल्दी करंल तो चोर. काही दाबू नको, सरळ शाखेत जाय." त्या ईमेलात माझे नाव नव्हते, 'प्रिय ग्राहक' होते. पाठवणाऱ्याचा पत्ता बँकेचा नव्हता, नुसती अक्षरे आणि आकडे. खालची निळी ओळ दाबून पासवर्ड भरा, असे होते. सगळे तिने सांगितल्यासारखेच. पण मध्ये एक वाक्य होते : 'केवायसी अपूर्ण असलेल्या खातेदाराचे नाव आज सायंकाळनंतर वगळण्यात येईल.' दैवशालाच्या नावाचे आधार कुठून आणणार? रविवार होता, शाखा बंद. मी निळी ओळ दाबली. ओटीपीही दिला.

खात्यातून गेलेल्या रकमेची तक्रार सायबर पोलिसांकडे केली आहे. त्याचा दोष आपणास देत नाही.

आता आपण म्हणता, खाते बंद करून माझ्या एकटीचे नवीन उघडावे, आणि त्यासाठी दैवशाला व मनीषा एकच असून ती मयत आहे, असे प्रतिज्ञापत्र द्यावे. महोदय, मनीषा गेली, हे मी सांगाल तिथे लिहून देते. दैवशाला गेली, असे अजून एकाही कागदावर नाही. ते पहिल्यांदा मीच लिहायचे, हे माझ्याने होत नाही.

तरी या खात्यातून कोणालाही, मलासुद्धा, एक पैसा काढू देऊ नये. कार्ड बंद करावे. माझ्या पेन्शनला वेगळे खाते द्यावे. फक्त नाव राहू द्यावे. माझे वय चौऱ्याहत्तर आहे, बँकेला फार वाट पाहावी लागणार नाही. मी गेल्यावर दोन्ही नावे एकदमच काढावीत.

आपली जुनी व नम्र खातेदार,
कडूबाई पुंजाराम शेजुळ
परतूर, दि. १४ जुलै २०२५

सोबत :
१) सायबर पोलिसांकडील तक्रारीची प्रत
२) पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
३) कै. मनीषा हिचा मृत्यूचा दाखला
(प्रतिज्ञापत्र जोडलेले नाही.)