बजेटाच्या पानावरचा तुझा फोटो

माय, उद्या बजेट आहे. आपल्या गावात त्याची चाहूल एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर लागते. आम्ही सहा-सात पेन्शनवाले रोज सकाळी तिथे बसतो आणि गेले आठ दिवस आमच्याकडे दुसरा विषय नाही. नवी करप्रणाली बरी की जुनी, बँकेनं ठेवीच्या व्याजावर टॅक्स कापला तो परत कसा मिळवायचा, आणि सरकार बायांच्या खात्यात पैसे कायले टाकते. "आपन भरून राह्यलो अन् हे वाटून राह्यले," असं आमच्यातला एक निवृत्त ग्रामसेवक रोज म्हणतो, आणि आम्ही सगळे माना डोलावतो. टपरीवाला कप विसळत सगळं ऐकतो. त्याला काय वाटतं ते आजवर आमच्यापैकी कुणी विचारलेलं नाही. तू असतीस तर पहिल्यांदा त्यालाच विचारलं असतंस आणि आम्हाला चार शब्द सुनावून उठली असतीस.

तुझ्या चक्कीवरही हाच विषय निघायचा. बाबा गेल्यावर तू गिरणी चालवायला घेतलीस तेव्हा विहारातले दोन-तीन म्हातारे म्हणाले होते की बाईच्या हातानं पट्टा चढणार नाही. तू तो महिनाभरात चढवायला शिकलीस, घासलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी घालायलाही शिकलीस. भारनियमनात लाइट गेली की बाया आपापल्या दळणाच्या डब्यांवर बसून राहायच्या. तू भुवयांवरचं पीठ पदरानं पुसत त्यांच्यात येऊन बसायचीस. एकदा अशीच बजेटाची गोष्ट निघाली आणि कुणीतरी म्हणालं, "आपल्याले का कराचं त्याचं बाई, आपन कुठं टॅक्स भरतो?" तू तिला सोडलं नाहीस. "माचिस कोन घेते? साबन कोन घेते? गोडं तेल कोन घेते? तुह्या नवऱ्याच्या बिडीवर बी हाय टॅक्स. आपन रोज भरतो, फकत आपल्याले पावती नाई भेटत." मी दारात सायकल लावून उभा होतो. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी शाळेत स्टाफरूममध्ये माझं म्हणून सांगितलं होतं.

धाकटीचं, माझ्या बहिणीचं, तुला काय सांगू, तू तर गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. पण मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही. पहिलं बाळंतपण म्हणून ती आपल्याकडे आली होती. तालुक्याच्या दवाखान्यात मुलगी झाली, सगळं नीट झालं, आणि मग तिचं रक्त थांबेना. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, इथे रक्त ठेवायची सोय नाही, यवतमाळला न्या. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसलो होतो. ड्रायव्हर जोरात चालवत होता, हॉर्नवरचा हात काढत नव्हता. यवतमाळच्या थोडं अलीकडे असताना तू मागून मधल्या काचेवर हातानं थोपटलंस. त्यानं वळून पाहिलं आणि तिथून पुढे तो सावकाश चालवू लागला.

तेव्हा मी शाळेत मास्तर होतो आणि फावल्या वेळात पेपरचा तालुका वार्ताहर. दरवर्षी बजेटच्या आधी पेपरच्या जिल्हा कार्यालयातून निरोप यायचा की 'काय हवे बजेटकडून' या पानासाठी तालुक्यातून पाच फोटो आणि पाच प्रतिक्रिया पाठवा. पाच चौकटी ठरलेल्या होत्या: व्यापारी, डॉक्टर, शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी. प्रतिक्रिया घ्यायला कुणी जात नसे. आम्ही सगळे वार्ताहर ते घरी बसून लिहायचो. व्यापारी म्हणणार उत्पादन शुल्क कमी करा, डॉक्टर म्हणणार आयकराची मर्यादा वाढवा, गृहिणी म्हणणार महागाईने आमचे बजेट कोलमडले आहे, सिलिंडर स्वस्त करा. ज्यांचे फोटो छापायचो ते खूश असायचे, आपल्या तोंडी काय घातलंय ते कुणी तपासत नसे. दोन वर्षं तर मी गृहिणीचा तोच फोटो आणि तेच वाक्य पाठवलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

धाकटी गेली त्याच्या पुढच्या वर्षी तू स्वतः म्हणालीस, "औंदा माह्या फोटो टाक." मला नवल वाटलं, कारण तुला फोटोचा कंटाळा. तू केस धुतलेस, त्यातलं पीठ काढलंस, मोतिया रंगाचं पातळ नेसलीस आणि स्टुडिओत जाऊन फोटो काढून आलीस. पण त्याआधी आठ दिवस तू दळायला आलेल्या प्रत्येक बाईला विचारत होतीस की सरकारनं आपल्या टॅक्सातून गावाला एकच गोष्ट द्यायची तर काय द्यावी. कुणी नळाचं पाणी म्हणालं, कुणी पोरींच्या कॉलेजसाठी सकाळची एसटी. तू त्यांच्याशी वाद घातलास, धाकटीचं सांगितलंस, आणि शेवटी सगळ्यांना एका गोष्टीवर आणलंस. मग मला चक्कीवर बोलावून सगळ्यांसमोर लिहून घ्यायला लावलंस. "लिही. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात रक्त ठेवा. बाकी काई नाई देलं तरी चालन. लिहिलं? वाचून दाखव." मी वाचून दाखवलं. बायांनी ऐकलं आणि एक म्हातारी म्हणाली, "आता होते बरं हे काम. पेपरात येऊन राह्यलं."

एसटीडी बूथवर फॅक्स करायला गेलो तेव्हा तो कागद माझ्या खिशात होता. बाकीच्या चार चौकटी नेहमीसारख्या लिहून झाल्या होत्या. पाचवी लिहिताना मला वाटलं, गृहिणीच्या चौकटीत दवाखाना कसा दिसेल? जिल्ह्याचे साहेब फोन करून म्हणतील, मास्तर, दवाखाना राज्याचा विषय, हे केंद्राचं बजेट, एवढंही कळत नाही का तुम्हाला. मी त्यांना विचारलं नाही. मी तिथे उभ्या उभ्या तुझ्या फोटोसोबत सिलिंडरचं वाक्य पाठवलं. पुढे कितीतरी वर्षं मी तुला सांगत राहिलो की साहेबांनी बदललं. ते खोटं होतं, माय. त्यांच्यापर्यंत तुझं वाक्य पोचलंच नव्हतं.

पेपर आला त्या दिवशी तू गिरणी बंद ठेवली होतीस, वाचताना आवाज नको म्हणून. बाया आधीपासून येऊन बसलेल्या होत्या. मी शाळेचं निमित्त करून मुद्दाम आलो नव्हतो, तू बोलावून घेतलंस. तू पान मांडीवर पसरलंस आणि अक्षरांखाली बोट सरकवत मोठ्यानं वाचू लागलीस. पहिलाच शब्द 'गृहिणी'. तू थांबलीस. "मी गृहिणी हाओ? मंग चक्की कोन चालवते?" दोघी-तिघी हसल्या. तू पुढे वाचलंस, महागाईने आमचे बजेट कोलमडले आहे, आणि मग कुणी हसलं नाही. "हे मी कवा म्हनलं?" मी म्हणालो, माय, असंच छापतात, रक्ताचा विषय या बजेटात येत नाही. तू पेपराची घडी घातलीस. आवाज चढवला नाहीस. "मंग तुह्या बहिनीचा विषय कोन्त्या बजेटात येते, थे सांग." तू उठलीस, पट्टा चढवलास आणि पहिल्या डब्यातली ज्वारी चक्कीत ओतलीस. त्या आवाजात मी काही बोललो असतो तरी तुला ऐकू गेलं नसतं, आणि खरं तर मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. तू त्यानंतर सहा महिन्यांनी तहसीलमध्ये रक्तासाठी अर्ज दिलास. तो मला टपरीवर दुसऱ्याकडून कळला. अर्ज तू विहारातल्या एका पोराकडून लिहून घेतलास. घरात मास्तर मुलगा, पेपरात लिहिणारा, आणि माझ्या आईनं अर्ज लिहायला परक्याला गाठलं. मी चिडून घरी आलो आणि तुला विचारलं, मले काहून नाई सांगतलं? तू भाकर थापत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "तू बदलवतं." एवढंच. मी चार दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुला वाटलं असेल राग आला म्हणून. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

तू गेलीस आणि काही वर्षांनी तुझं काम मंजूर झालं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. दवाखान्यात 'रक्त साठवण केंद्र' अशी पाटी लागली, फीत कापली, मोठा फ्रिज आला. माणूस मात्र आला नाही. पद भरलं की सुरू होईल म्हणतात. परवा मी बीपीच्या गोळ्या आणायला गेलो तेव्हा त्या फ्रिजमधून शिपाई स्वतःसाठी थंड पाण्याची बाटली काढत होता. सरकार बदललं, मग तेही बदललं, दरवर्षी आरोग्यावर भर म्हणून टीव्हीवर टाळ्या वाजतात, आणि आपल्याकडे रक्त लागलं की अजून यवतमाळचाच रस्ता धरावा लागतो. मला या सगळ्यांचा राग येतो. तो राग मी टपरीवर काढत नाही, तिथे आम्ही टॅक्सबद्दल बोलतो.

धाकटीची मुलगी सध्या माझ्याकडे आहे. तिला माहेर म्हणजे हेच घर. सातवा महिना आहे, आणि डॉक्टर म्हणतात हिच्या अंगात रक्त कमी आहे. ती पालक खाते, गोळ्या घेते, मला भ्यायचं काम नाही असं सांगते. हसली की थेट आईसारखी दिसते.

परवा दुपारी एक पोरगी घरी आली. पेपरची वार्ताहर, स्कूटीवरून आलेली, पंचविशीची असेल. बजेटच्या पानासाठी ज्येष्ठ नागरिकाची चौकट होती. माझ्या मनात आलं की ही चौकट आमच्या वेळी नव्हती. तिनं मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हणाली, "काका, एकच वाक्य बसते, पन जे बोलसान थे जसंच्या तसं टाकतो. आमी बदलवत नाई." भाची चहा घेऊन आली, एक हात कमरेवर ठेवून, आणि तिथेच दाराला टेकून कौतुकानं ऐकत उभी राहिली. मी घसा साफ केला आणि आठ दिवस टपरीवर घोळवलेलं वाक्य सांगितलं: पेन्शनधारकांच्या ठेवीवरच्या व्याजाला आयकरातून पूर्ण सूट द्यावी. "अजून काई, काका?" तिनं विचारलं. मी म्हणालो, नाही, एवढंच.

तिची स्कूटी कोपऱ्यावरून वळली आणि भाची कप उचलायला वाकली, तेव्हा मला तू आठवलीस. त्याआधी नाही. वार्ताहर पोरीचा नंबर माझ्याकडे होता, पान दुसऱ्या दिवशी जाणार होतं, म्हणजे पूर्ण एक दिवस हाताशी होता. मी तीनदा फोन हातात घेतला. मी सांगितलं असतं तर तिनं नक्की बदललं असतं. पण वाक्य एकच बसत होतं, माय, आणि मला व्याजाचं वाक्य काढायचं नव्हतं. टपरीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बघा, आपला मुद्दा येतोय.

आज ते छापून आलं. शब्दन् शब्द माझाच आहे. भाचीनं चष्मा आणून दिला, पेपर माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मामा, बराबर बोलले तुमी." तुला पाठवायला पत्ता नाही म्हणून हे सगळं लिहू शकलो. लिहून झालं की फाडून टाकणार आहे, कारण घर तीच आवरते आणि हे तिच्या हाती लागेल. ती आत्ता समोर खाटेवर पाय वर घेऊन बसली आहे, मला विचारते आहे की एवढं काय लिहून राह्यले. मी तिला टॅक्सचं काम आहे असं सांगितलं.