भंडारदऱ्याच्या उतारावर नानांची गाडी

तीर्थस्वरूप नानांना जावई शंतनुचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? आईंनी दिलेलं तेल लावता, की बाटली नुसतीच उशाशी ठेवता? इकडे सगळं ठीक आहे. (‘ठीक’ हा शब्द बराच विचार करून लिहिलाय.) फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि आज ते मला झेपणार नाही. आपल्या वाडीतला विनीत इथे भेटला. तो आत्ताच गिरगावला निघालाय, त्याच्याबरोबर पाठवतोय.

तुमची गाडी आजवर देवदर्शन आणि सर्व्हिसिंग यापलीकडे गेलेली नाही आणि ती तुम्ही माझ्या हाती दिलीत, याचं दडपण मला कसारा घाटापासून होतं. म्हणून मी नूपुरला सीटवर पाय घेऊ दिले नाहीत, वडापाव खाऊ दिला नाही आणि पाण्याची बाटली तेवढी खिडकीबाहेर धरून प्यायला सांगितली. कळसूबाई दिसल्यावर ती म्हणाली, थांब, फोटो काढू. मी म्हटलं, इथे खडी आहे, रंगाला लागेल. त्यावर ती मागच्या सीटवर जाऊन झोपली. (घोरत होती, पण ते तिला सांगू नका.) डोंगर, ढग, धबधबे, सगळं मी एकट्यानेच पाहिलं आणि खरं म्हणजे रस्त्याशिवाय काहीच पाहिलं नाही.

जलाशयाच्या काठी थोड्या उतारावर गाडी लावून मी कणीस घ्यायला उतरलो. आता नाना, रागावू नका. आपल्या गल्लीत गाडी दुसऱ्याच्या पुढ्यात आडवी लावली, की न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक काढायचा, म्हणजे आतल्याला निघताना ती ढकलता येते, हे तुम्हीच मला शिकवलंत. हाताला तेच वळण पडलंय. इथे कोणीही ढकलणारं नव्हतं आणि तशी गरजही पडली नाही.

कणसाला लिंबू चोळून होत होतं, तेवढ्यात गाडी संथपणे पाण्याकडे निघाली. मी जिवाच्या आकांताने ओरडत धावलो, ‘‘नानांची गाडी! अरे, नानांची गाडी चालली!’’ कणीसवाल्या बाईंनी माझा दंड धरून विचारलं, ‘‘आत कोन हाय?’’ तेव्हा कुठे मला नूपुर आठवली. नाना, माझे पायच गळाले. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो. पण नूपुर माझ्या ओरडण्याने जागी झाली होती. तिने मागून झेपावून दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. पुढची चाकं पाण्यात जाऊन गाडी थांबली.

नूपुर चपला हातात घेऊन उतरली आणि म्हणाली, ‘‘शंतनु, तू काय ओरडलास ते मी ऐकलं.’’ त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवायलाही वेगळ्या टेबलावर बसते. मॅनेजरने मला दोनदा विचारलं, आपण एकत्र आलात का? दोन्ही वेळा मी तिच्याकडे बघून उत्तर दिलं.

आईंना नमस्कार सांगा. तेल लावा.

तुमचा,
शंतनु

ता. क. : गाडीला ओरखडाही नाही. (उजवा दिवा सोडून.)

ता. क. २ : नूपुर उद्या एसटीने थेट तुमच्याकडे येते म्हणतेय, आमच्या घरी नाही. ती खरंच येईल याची मला भीती वाटते. कृपा करून तिला फोन करा आणि सांगा, की माझ्या जागी तुम्ही असतात तरी हेच ओरडला असतात. तुमचा शब्द ती मोडत नाही.

ता. क. ३ : नाना, मी नूपुर. विनीतने पत्र आधी मलाच आणून दिलं. एसटीने येत नाहीये. पाय गळाले ते वाचलं, म्हणून गाडीनेच येतोय, पण पुढे मी बसणार आणि पाय वर घेऊन बसणार. माझ्या कपाळावर हे एवढं टेंगूळ आलंय, ते याने कुठेच लिहिलेलं नाही. आणि तुम्हीही अजून उजव्या दिव्यापाशीच अडकला आहात, हे मला इथून दिसतंय.