भिंगरीची झोप

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. वाचून होईपर्यंत तरी तुला मधे तोंड घालता येणार नाही.

पाळी गेल्यापासून माझी झोपही गेलीय, हे तुला माहीत आहे. अंगातून वाफा निघतात, उशी भिजते, पांघरूण काढा नि घाला, आणि पहाटे उठून बस काढायला जा. आजवर रेटलं. परवा मात्र लाल दिव्यापाशी बस उभी असताना माझा डोळा लागला. मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. कुणाला काही झालं नाही, पण बस माणसांनी भरलेली होती गं. बस कडेला घेतली, उतारूंना मागच्या बसमध्ये बसवून दिलं आणि डेपोत जाऊन किल्ल्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या. झोप येईपर्यंत स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं सांगितलं.

साहेब भले आहेत. तोवर पासाच्या खिडकीत बसा म्हणाले, आणि नाहीच जमलं तर ती जागा कायमची. ताई, मला खिडकी नकोय. मला माझी बस परत हवीय.

लोभ आहेच, रागावण्याआधी तो आठवावा.

तुझी,
भिंगरी

१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. किल्ल्या ठेवल्यास हे तू आयुष्यात केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम. आता त्या परत उचलू नकोस. खिडकीत खुर्ची आहे, पंखा आहे, आणि तिथं डुलकी लागली तर फार तर रांग ओरडेल. आई गेल्यावर तुझी वेणी घालून मी तुला शाळेत पाठवायचे, तेव्हापासून तू घरी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो. या वयात तरी सोडव मला.

औषधांच्या दुकानात जन्म गेला माझा, तेव्हा ऐक. शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नकोस. आधी डॉक्टरांकडे जा, थायरॉइड आणि रक्त तपासून घे. सगळंच पाळीच्या माथी मारू नये.

तुझे भावोजी मजेत आहेत. असे घोरतात की मला त्यांच्या घोरण्याचे सूर पाठ झालेत.

पत्र टाकायला आळस करू नकोस, एवढा तरी लोभ असू दे.

तुझी,
ताई

२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. हे वारंवार घडत नाही, लिहून ठेव.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. मागे माझ्या पायात गुठळी झाली होती, म्हणून हॉर्मोनची औषधं नकोत म्हणाल्या. झोपेच्या गोळीने सकाळी डोकं जड राहतं, म्हणजे तीही माझ्या कामाची नाही. मग मीच अ‍ॅक्युपंक्चरचं विचारलं. पुरावा अगदी पक्का नाही, पण काही बायकांना बरं वाटतं, रीतसर शिकलेल्या माणसाकडे जा आणि सुई नवी कोरी आहे ना बघा, असं त्या म्हणाल्या.

तर मी गेले. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, पांढरी चादर, जाड पडदा. सुयावाल्या बाई मोजकं बोलणाऱ्या. मनगटात, कानात, भुवयांच्या मधे आणि पायाच्या अंगठ्याशेजारी केसासारख्या सुया टोचल्या आणि पडून राहायला सांगून बाहेर गेल्या. पहिल्या खेपांना मी नुसती छत बघत राहिले. जन्मभर आरशात मागचं बघायची सवय, डोळे मिटवेनात. काल मात्र गाढ झोपले, आणि झोपेत बस चालवायला लागले! समोर कुणीतरी आडवं आलं, मी कचकन ब्रेक दाबला. उजव्या पायातली सुई वाकली, मी किंचाळले, बाई धावत आल्या. काय झालं ते ऐकून इतक्या हसल्या की त्यांनाच खुर्चीत बसवावं लागलं. यापुढे उजव्या पायाला सुई नाही, असं त्यांनी जाहीर केलंय.

पण ताई, मी झोपले होते. भर दिवसा, अंगात सुया घेऊन. मला इतका आनंद झालाय.

लोभ आहे तसाच राहू दे, टोमणे कमी कर.

तुझी,
भिंगरी

२८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दुकानात एकटीच हसले, गिऱ्हाईक बिचकलं. पण हुरळून जाऊ नकोस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. झोप सुयांनी आली, की तेवढा वेळ कुणी हाक मारली नाही म्हणून आली, कोण सांगणार? आणि एका डुलकीच्या जोरावर बसभर माणसं तुझ्या हाती द्यायची? भिंगरे, मला भीती वाटते. खिडकी घे. ही विनवणी समज.

जाता जाता एक. दुकानात एक बाई येतात, तुझ्याहून थोड्या मोठ्या. कानातली सुई दुखते का आणि मानेवरचा घाम थांबतो का, असं त्या विचारत होत्या. कळव.

लोभ आहे म्हणूनच बोलते.

तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आता रात्रीचीही झोपते. रोज नाही. एखाद्या रात्री अजून कूस बदलत पडते, पण बहुतेक रात्री सलग झोप लागते. सुयांनी लागली की संध्याकाळचा चहा सोडला म्हणून, मला ठाऊक नाही. फांदी मोडली ना, मग कावळा कुठला का असेना. वाफा अजून येतात, येवोत बापड्या.

तुझी भीती मी उडवून लावलेली नाही. साहेबांना मीच म्हटलं, मला पारखून घ्या. त्यांनी रिकामी बस आणि शेजारी परीक्षक दिला. डॉक्टरीणबाईंनीही लिहून दिलं. सोमवारपासून माझी बस माझ्याकडे येतेय. झोप झाली नसेल त्या दिवशी मी आपणहून कळवून खिडकीत बसायचं, असं ठरलंय. तू विनवलंस आणि मी ऐकलं नाही, याचं वाईट वाटतंय. पण माझं काम मला येतं, ताई.

त्या बाईंना सांग, कान दुखत नाही. घामाचं माणसागणिक वेगळं. आणि बहिणीपासून काही लपवू नये, हेही सांग.

रुसलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी

२९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

बुधवारी मी तुझ्या बसमध्ये होते.

तुला न सांगता आले. डोक्याला स्कार्फ गुंडाळला, गर्दीतून मागच्या दाराने चढले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तू एकदा जरी जांभई दिलीस, तर थेट मॅनेजरांकडे जायचं आणि तुझी बस काढून घ्यायला लावायची, असं ठरवूनच आले होते. जन्मभर बोलली नसतीस तरी मला चाललं असतं.

तुझ्यावर डोळे रोखून बसले. काठीवाले एक आजोबा बसेपर्यंत तू गाडी हलवली नाहीस. मागचे हॉर्नवर हॉर्न देत होते, तुझा खांदाही हलला नाही. पुलापुढचं वळण असं घेतलंस की उभ्या माणसांना दांडा धरावा लागला नाही. आणि त्यापुढचं मला काहीच आठवत नाही. जाग आली तेव्हा झाडूवाली माझा खांदा हलवत होती. बस डेपोत उभी होती आणि तू केव्हाच जेवायला गेली होतीस.

अशी झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती गं. तुझ्यावर पाळत ठेवायला आले आणि तुझ्याच भरवशावर झोपले. आता कुठल्या तोंडाने सांगू की बस सोड?

पुढच्या बुधवारची सुयावाल्या बाईंची वेळ माझ्यासाठी घेऊन ठेव. येताना तुझ्याच बसने येईन. तेवढा लोभ ठेव, की थांबा आला की मला उठवायला तू स्वतः येशील.

तुझी,
ताई